इतिहास व साहित्याचे वर्गसेमिनार : पानिपतच्या निमित्ताने एक विचार

प्रस्तावना :

महाविद्यालयीन व्यवहारात ‘सेमिनार’ या एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टींचा बोध होतो. उद्घाटन, बीजभाषण, शोधनिबंध-वाचन आणि प्रमाणपत्र-वितरण असा क्रम असणारे चर्चासत्र ही पहिली गोष्ट. पदव्युत्तर वर्गात दहा-पंधरा विद्यार्थ्यांसमोर एका विद्यार्थ्याने केलेली मांडणी व तीवरील चर्चा ही दुसरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत चर्चासत्रातील निबंध-वाचनास शिक्षकाच्या गुणांकनात स्थान मिळाले. त्यामुळे पहिल्या प्रकाराकडे शिक्षकांचा ओढा वाढणे स्वाभाविक होते. दुसऱ्या प्रकाराविषयी शिक्षककक्षात बोलणे होते ते बहुधा अंतर्गत गुण भरण्याची वेळ आल्यावरच. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकाराचा, विशेषतः इतिहास व मराठी या दोन विभागांच्या संदर्भात, विचार केला आहे.

सेमिनारची मूळ कल्पना :

‘सेमिनारियम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ रोपवाटिका असा आहे. एकोणिसाव्या शतकात बर्लिन विद्यापीठातील इतिहासकार रांके याने निवडक विद्यार्थ्यांना एकत्र बसवून मूळ साधनांची चिकित्सा करण्याची पद्धती रूढ केली. व्याख्यानात शिक्षक सांगतो आणि विद्यार्थी ऐकतो. येथे मात्र दोघांच्या मध्ये एक कागद असतो व दोघेही त्या कागदाला उत्तरदायी असतात. महाराष्ट्राला ही रीत अपरिचित नाही. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात सभासदांसमोर अस्सल कागद वाचून त्यावर खल करण्याची परंपरा निर्माण झाली. महाविद्यालयाच्या वर्गात ती फारशी उतरली नाही, हे मान्य करावे लागते.

दोन विभागांच्या दोन तक्रारी :

इतिहासाच्या शिक्षकांची तक्रार अशी की, विद्यार्थी ‘पानिपतची लढाई : कारणे व परिणाम’ असा विषय घेतो आणि विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीतील प्रसंग पुरावा म्हणून सांगतो. मराठीच्या शिक्षकांची तक्रार नेमकी उलट आहे. त्यांचा विद्यार्थी ‘भाऊसाहेबांची बखर’ घेतो आणि तिच्या शैलीविषयी चार विशेषणे उच्चारून उर्वरित वेळ लढाईची हकिगत सांगण्यात घालवतो. एकाला साधन आणि कलाकृती यांतील भेद कळलेला नाही; दुसऱ्याने कलाकृती वाचलेलीच नाही. वरवर पाहता या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात. वस्तुतः दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याने ‘विषय’ घेतला आहे, ‘मजकूर’ घेतलेला नाही.

एका निरोपाचे उदाहरण :

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झालेल्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातून सांकेतिक भाषेत कळली, ही हकिगत सर्वपरिचित आहे. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव, मोहरा म्हणजे मातबर सरदार, आणि चांदी-तांब्याची नाणी म्हणजे सामान्य शिपाई असा तो संकेत. या निरोपाचे मराठी वाक्य विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. ते कोठून घेतले, असे विचारल्यावर मात्र ‘सर्वांना माहीत आहे’ असेच उत्तर येते.

येथून खरा सेमिनार सुरू होऊ शकतो. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हा निरोप इंग्रजीत नोंदविला आहे. म्हणजे घटना आणि हा ग्रंथ यांत पासष्ट वर्षांचे अंतर आहे. मग आपण म्हणतो ते मराठी वाक्य त्याच्या आधीचे की त्याच्यावरून केलेले? राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तराचे ४५ खंड निघाले, त्यांतील दुसरा पानिपतविषयक आहे. विद्यार्थ्याने हे खंड प्रत्यक्ष हाताळून शोध घेणे ही इतिहासाची बाजू झाली.

साहित्याच्या शिक्षकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. रूपकासाठी नाणीच का? निरोप सावकाराचा आहे, हे एक उत्तर. परंतु रूपकाकडे अधिक बारकाईने पाहिल्यास असे दिसते की, मोती मोजले आहेत, मोहरा मोजल्या आहेत, आणि चांदी-तांब्यापाशी येताच मोजणी थांबली आहे. अलंकार म्हणून ही रचना प्रभावी खरीच. पण लष्करातील साधा शिपाई आणि बुणग्यांतील बायका-मुले यांची गणती न होणे हे त्या काळच्या नोंदींचेही वैशिष्ट्य आहे. नावे व आकडे सरदारांचे उरतात. रूपकाची घडण आणि दप्तराचे मौन यांतील हे साम्य इतिहासाच्या शिक्षकाने एकट्याने दाखविले नसते, मराठीच्या शिक्षकानेही नाही.

असेच दुसरे उदाहरण ‘संक्रांत कोसळणे’ या वाक्प्रचाराचे. लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली म्हणून हा वाक्प्रचार रूढ झाला, असे वर्गात सर्रास सांगितले जाते. परंतु संक्रांतीची इंग्रजी तारीख स्थिर नसून साधारण सत्तर वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या मकरसंक्रांतीचा, आणि त्या दिवशी तारीख होती १२ जानेवारी. त्यापूर्वी शंभर वर्षे मागे गेल्यास १७६१ ची संक्रांत १४ तारखेच्या काही दिवस आधीच होऊन गेली होती, हे साध्या गणिताने समजते. संक्रांतदेवीची दृष्टी ज्या दिशेला पडते तिकडे अनिष्ट, ही पंचांगातील समजूत ध्यानात घेतली तर वाक्प्रचाराला पानिपतचा आधार लागतही नाही. एवढी चर्चा एका तासिकेत सहज होते.

काही अडचणी :

दोन विभागांच्या तासिका एकाच वेळी बसविणे वेळापत्रकात कठीण जाते. मोडी वाचता येणारा शिक्षक प्रत्येक महाविद्यालयात असतोच असे नाही, त्यामुळे बालबोधात छापलेल्या पत्रांवर भागवावे लागते. तेवढ्यानेही पुष्कळ काम होते. त्र्यं. शं. शेजवलकर यांचा पानिपतवरील ग्रंथ आधार म्हणून जवळ असावा, मात्र त्याचा सारांश वाचून दाखविण्यास परवानगी नसावी.

खरा मतभेद गुणांचा आहे. आठ दिवस खंड चाळून ‘या निरोपाचे समकालीन पत्र मला आढळले नाही’ असे विद्यार्थ्याने सांगितले, तर प्रचलित गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नाही. सादरीकरण, भाषा, वेळेचे भान, संदर्भसूची एवढेच रकाने आहेत. इतिहासाचे शिक्षक त्याला पूर्ण गुण द्यावेत म्हणतील. मराठीचे शिक्षक विचारतील की, शोध संपल्यावर त्याने तो मजकूर पुन्हा एकदा वाचला का? हा रकाना कोणत्या नावाने वाढवावा, याचा निर्णय दोन्ही विभागांनी वर्षारंभीच्या संयुक्त बैठकीत, विषयवाटप करण्यापूर्वी घेणे इष्ट ठरेल.