गडद म्हणजे कडक नव्हे

पुण्यात किंवा बंगळुरात ताज्या बिअरची गोडी लागलेला माणूस तंजावरला गेला, बृहदीश्वराचे देऊळ आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून झाले, की संध्याकाळी हॉटेलात हमखास विचारतो, ‘इथली लोकल ब्रुअरी कुठे आहे?’ प्रत्येक नावाजलेल्या गावात आता मायक्रोब्रुअरी असणारच, हा पहिला गैरसमज. तमिळनाडूत दारूची किरकोळ विक्री २००३ पासून टास्मॅक या सरकारी महामंडळाच्या हातात आहे. तंजावरच्या दुकानात मिळते ती मोठ्या कारखान्यात भरलेली बाटली. आपण जिला ताडी-माडी म्हणतो, त्या ‘कळ्ळु’वर तर तिथे १९८७ पासून बंदी आहे.

यावरून कोणी म्हणेल की बिअर हे साहेबाचे पेय, कावेरीकाठच्या भातखाचरांत तिचे काय काम? हा गैरसमज जास्त खोलवर रुजलेला आहे. हॉप्सची कडसर फुले घातलेली, जवाची, पारदर्शक बिअर युरोपातून आली हे खरे. पण धान्य आंबवून पेय करणे इथे फार जुने आहे. संगम साहित्यात ‘तोप्पि’ नावाच्या, घरी केलेल्या तांदळाच्या मद्याचा उल्लेख येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘मेदक’ हे तांदळाचे मद्य आहे आणि ते आंबवण्यासाठी लागणारे विरजण म्हणजे ‘किण्व’. आपला ‘किण्वन’ हा शब्द त्याच घरातला.

म्हणूनच ‘बिअरमध्ये तांदूळ म्हणजे भेसळ’ हे ऐकले की मला राहवत नाही. फक्त जव, हॉप्स आणि पाणी वापरा, हा १५१६ चा नियम बव्हेरियाचा होता, साऱ्या जगाचा नव्हे. तांदळाने बिअर हलकी आणि कोरडी होते. जपानी आणि अमेरिकी कंपन्या तो उघडपणे वापरतात. एकट्या तांदळाने मात्र काम भागत नाही, कारण यीस्टला साखर खाता येते, पिष्ट खाता येत नाही. नाचणी सत्त्व करताना आपण काय करतो? नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, दळतो. जवाच्या माल्टची गोष्ट तीच. मोड येताना दाण्यात जी विकरे तयार होतात, ती गरम पाण्यात पिष्टाची साखर करतात, जवाच्या स्वतःच्या आणि सोबतच्या तांदळाच्याही. यीस्टचे काम त्यानंतर सुरू होते.

आता रंग. चाखायला बसलेल्या टेबलावर सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. काळीभोर स्टाउट समोर आली की ‘ही चढेल’ म्हणून माणूस मागे सरतो आणि सोनेरी पेला निर्धास्तपणे उचलतो. रंग येतो तो माल्ट किती भाजला यावरून. भाजलेला दाणा थोडासाच वापरला तरी अख्खे पिंप काळे होते, आणि अल्कोहोलशी त्याचा संबंध नसतो. गिनेसची प्रसिद्ध ड्राफ्ट स्टाउट ४.२ टक्क्यांची आहे. उलट आपल्याकडची पिवळीधमक ‘स्ट्राँग’ बाटली ८ टक्क्यांपर्यंत जाते. ‘बिअर म्हणजे दारू थोडीच’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. ६५० मिलिलिटरच्या अशा बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ६०-६० चे दोन पेग घेतले तर पोटात जवळपास तेवढेच जाते. कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. आणि लोक सांगतात तसा मूतखड्यावर बिअर हा उपाय नाही. तिने लघवी वाढते, पण खडा फुटत नाही, विरघळत नाही. वर बिअरमधल्या प्युरिनमुळे युरिक अ‍ॅसिड वाढते आणि काही खडे त्याचेच असतात. पोटात कळ आली की डॉक्टरकडेच जायला हवे.

वासाचाही असाच गोंधळ. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो आणि लोक विचारतात, एसेन्स घातलाय का? काहीही घातलेले नसते. तिच्यातले यीस्ट आंबवताना जो आयसोअमाईल अ‍ॅसिटेट तयार करते, तोच पिकत्या केळ्यातही असतो. लवंगेसारखा वासही यीस्टचीच करणी. हे पहिल्यांदा कळले तेव्हा मला या सूक्ष्म जिवाबद्दल खरेच आदर वाटला.

मग ‘सीझनल’ म्हणजे फळांची बिअर का? फळ हा त्याचा एक भाग झाला. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. त्यानंतर पुण्यात आंबा, कोकम अशा ऋतूच्या चवी पिंपात आल्या. पुण्याच्याच ग्रेट स्टेट एल वर्क्सने मीठ घातलेली कोकम एल केली. मीठ ऐकून नाक मुरडू नये. जर्मनीच्या गोस्लार-लायप्झिग भागातली ‘गोझ’ आंबट आणि खारटच असते. पण ऋतू आणि बिअर यांचे मूळ नाते उन्हाशी आहे. गरमीत आंबवण नासते, म्हणून बव्हेरियात १५५३ च्या हुकुमाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायला मनाई होती. मार्चमध्ये करून तळघरात ठेवलेली ती ‘मेर्त्सन’. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेचे थंडावा देणारे यंत्र म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत बसले आणि उन्हाळ्याची ही अडचण संपली. आठ-दहा अंशांवर सावकाश आंबणारी लागर तंजावरच्या उन्हाळ्यातही करता येईल, ती याच शोधाच्या बळावर.

इंडिया पेल एल ही बिअर खास हिंदुस्थानच्या प्रवासासाठी शोधली गेली ही कथाही अर्धीच खरी. लंडनच्या हॉजसनची पेल एल अठराव्या शतकात बोटींतून इकडे येत होती, पण त्याने नवा प्रकार शोधला नव्हता. काळी पोर्टरही तोच प्रवास करत होती आणि ‘इंडिया पेल एल’ हे नाव पुढे पडले. हॉप्समुळे बिअर टिकते, एवढे मात्र खरे.

चाखताना बर्फासारखी गार मागू नका. थंडीने वास दबतो आणि जीभ बधिर होते. वर दोन बोटे फेस असला म्हणजे फसवले असे नाही, वास त्या फेसातूनच वर येतो. फिक्या, सौम्य बिअरपासून सुरुवात करून कडू आणि गडद शेवटी घ्यावी, आणि छोटे पेलेच मागवावेत.

आणि तंजावरला उन्हाळ्यात गेलात तर ब्रुअरी शोधत बसण्यापेक्षा सकाळी लवकर बाहेर पडा आणि पदनीर विचारा. ती आपली नीराच, ताडाची. मडक्याला आतून चुना लावलेला असतो, त्यामुळे यीस्टला वाढता येत नाही आणि रस गोड राहतो. ताडाच्या पानाचा द्रोण करून त्यात ओततात. तो दोन्ही हातांनी धरावा लागतो.