यंत्राची नांदी आणि कापरेकरांची संख्या

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी (१९०५–१९८६) ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा आणि त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा. उत्तराचे चार अंक धरून पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतली तर ३०८७, ८३५२, ६१७४ अशा तीनच पायऱ्या होतात.

वळसंगला घरी बसून मी हीच वजाबाकी सगळ्या चार अंकी संख्यांसाठी 'पारी-जीपी' या मोफत गणिती प्रणालीकडून करून घेतो. ही प्रणाली मूळची फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठातली. सूचना एका फाइलीत लिहायच्या, उत्तरे दुसऱ्या फाइलीत उतरवायची आणि ती मोजणी करणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे द्यायची, अशी ही रीत.

पण प्रणाली सुरू होताच आधी नांदी म्हणते: आपले नाव, आवृत्ती, स्वामित्वहक्काची वर्षे. समोर माणूस असेल तर ती उपयोगी. फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला मात्र नांदी कुठे संपली आणि नाटक कुठे सुरू झाले, हे कळत नाही. स्वामित्वहक्काच्या ओळीत २००० हे साल असते. चार अंकी संख्या वेचणारा प्रोग्राम तेही उचलतो. १९९८, ८०८२, ८५३२ करत तेही चार पायऱ्यांत ६१७४ला पोचते. त्यामुळे चूक दिसत नाही, मोजणी तेवढी बिघडते.

सुरुवातीच्या ओळी नंतर कापणे हा उपाय तकलादू आहे. आवृत्ती बदलली की ओळी कमी-जास्त होतात आणि एखादे खरे उत्तर कापले जाते. बोलणे मुळातच थांबवावे. जीपी सुरू करताना आज्ञेपुढे उणे-चिन्ह आणि क्यू हे अक्षर जोडले की नांदी आणि उत्तरांचे अनुक्रमांक गळतात. एफ जोडले की आपली आरंभ-फाइलही वाचली जात नाही, म्हणून तिची छपाईही टळते. 'गॅप' प्रणालीत बी फक्त नांदी थांबवते, क्यू सूचनाचिन्हही. 'मॅक्सिमा'त 'क्वायट'ने नांदी जाते, 'व्हेरी-क्वायट'ने ओळींची लेबलेही.

चुकांचे संदेश मात्र दाबू नयेत. ते दाबले, तर गणित अर्ध्यावर थांबले तरी फाइल स्वच्छच दिसेल. ते वेगळ्या फाइलीत घ्यावेत. शेवटी ओळी मोजाव्यात. १००० ते ९९९९ या ९,००० संख्यांतून ११११ सारख्या नऊ वगळल्या की ८,९९१ उरतात. उत्तरांच्या फाइलीत तेवढ्याच ओळी असायला हव्यात.