शून्य उत्सर्जनाची नवी इमारत: एकट्या गावाला जमेल का?

कोल्हापुरातून उचगावला येताना शहर नेमकं कुठं संपतं आणि गाव कुठं सुरू होतं, हे रस्त्यावरून सांगता येत नाही. कागदावर मात्र हद्द आहे. पलीकडे महापालिका. अलीकडे घरफाळा घेणारी ग्रामपंचायत, आणि बांधकाम परवानगीसाठी 2017 साली झालेलं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण. त्यात शहराभोवतीची 42 गावं आहेत. हद्दवाढ हवी की नको, यावर आपण वर्षानुवर्षं भांडलोय. आज तो वाद बाजूला ठेवू. हद्दीच्या दोन्ही बाजूंना ज्या नव्या इमारती उभ्या राहतायत, त्या पुढची पन्नास वर्षं किती वीज खाणार आणि ते कोण ठरवणार, एवढंच आज बघू.

आधी शब्द समजून घेऊ. इमारत वापरताना तिच्यामुळं हवेत कार्बन जाऊ नये, याला म्हणायचं शून्य उत्सर्जन. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. ग्रीडमधलं एक युनिट वापरलं की सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मग लोक म्हणतात, गच्चीवर सोलर बसवा, झालं! 

हिशोब करून बघू. समजा चार मजली इमारत आहे, 16 फ्लॅट. प्रत्येकाचा महिन्याचा वापर 150 युनिट, म्हणजे एकूण 2,400. गच्ची 200 चौरस मीटर. टाकी आणि जिना सोडून निम्मी मोकळी. एका किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे बसले 10 किलोवॉट. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. महिन्याचे झाले 1,200. म्हणजे निम्मीच गरज भागली. राहिलेली निम्मी कुठून आणायची? एकतर बाहेरून स्वच्छ वीज घ्यायची, नाहीतर मुळात मागणीच कमी करायची. 

मागणी कमी होते ती भिंतीत, खिडकीत आणि स्लॅबमध्ये. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अंगावर उष्णता सोडतो. मग आधी पंखा, नंतर कूलर, शेवटी एसी. केंद्रानं 2018 साली घरांसाठी इको निवास संहिता आणली. छतातून किती उष्णता आत यावी याला तिनं मर्यादा घातली: बाहेर-आत एका अंशाचा फरक असेल, तर एका चौरस मीटरमागे जास्तीत जास्त 1.2 वॉट. उघड्या स्लॅबमधून याच्या दुपटीहून जास्त उष्णता येते. व्यावसायिक इमारतींची संहिता तर 2007 पासून आहे. 2022 साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या.

मग अडतं कुठं? भिंतीचा खर्च बिल्डर करतो, बिल मात्र राहणारा भरतो. त्यामुळं बिल्डरला घाई नसते. एकट्या उचगावनं नियम कडक केला, तर प्रकल्प शेजारच्या गावात जाईल. म्हणून नियम सगळीकडे एकच हवा. याबाबतीत आपण नशीबवान आहोत. डिसेंबर 2020 पासून मुंबईसारखे मोजके अपवाद सोडले, तर राज्यभर एकच बांधकाम नियमावली आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. ठरावीक इमारतींना सौर यंत्रणा आणि हरित मानांकनाला जादा एफएसआय, हे त्यात आहेच.

आता अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो. मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनला चिकटून ब्रुकलाइन नावाचं गाव आहे. 1873 साली बॉस्टनमध्ये सामील व्हायला त्यांनी मतदानानं नकार दिला. म्हणजे हद्दवाढीचा वाद तिथंही झाला! नोव्हेंबर 2019 मध्ये त्यांच्या गावसभेनं ठरवलं, की नव्या इमारतींत गॅसची पाइपलाइन घालायची नाही. 2020 साली राज्याच्या महाधिवक्त्यांनी तो नियम रद्द केला, कारण तो राज्याच्या कायद्याशी विसंगत होता. गाव गप्प बसलं नाही, आणि आसपासच्या गावांनीही तेच मागणं लावून धरलं. 2022 साली राज्यानं कायदा करून दहा गावं-शहरांना तशी परवानगी दिली. शिवाय राज्यानं एक कडक ऊर्जा संहिता तयार केली. ज्या गावाला हवी त्यानं मतदान करून ती स्वीकारायची. एकट्या गावाचा ठराव पडला. अनेकांनी मिळून मागितल्यावर कायदा बदलला.

मग आपण काय करायचं? पहिलं, 42 गावं आणि महापालिका यांनी मिळून तपासणीची एकच यादी करावी. दुसरं, तपासणारा अभियंता सगळ्यांनी मिळून नेमावा. एकेका ग्रामपंचायतीला तो परवडणार नाही. छतावरचा उष्णतारोधक थर फरशी बसायच्या आत बघावा लागतो, नंतर तो कुणालाच दिसत नाही. तिसरं, ही यादी पूर्ण झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

मघाशी एका ताईंनी विचारलं, ‘यानं गरिबाचं घर महाग होईल का हो?’ प्रश्न रास्त आहे. 2018 ची इको निवास संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आणली होती. एक गुंठ्यावरचं घर तिच्यात येत नाही. आणि मोठ्या इमारतीतला फ्लॅट कर्ज काढून घेणारा माणूस हप्ता वीस वर्षं भरतो, विजेचं बिल मात्र जन्मभर. नियमाचा फायदा खरा त्यालाच आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी मांडा, आणि शेजारच्या गावालाही मांडायला सांगा.