दादर युनियन स्पोर्टिंग क्लब : खेळाडूंचे विक्रम व बहुमान

मुंबईतील एक ख्यातनाम क्रिकेट क्लब. माटुंग्याचे दडकर मैदान हे त्याचे क्रीडाक्षेत्र. दादर, हिंदू कॉलनी व माटुंगा या परिसरातील नोकरदार मध्यमवर्गीय कुटुंबांतून त्याचे खेळाडू प्रामुख्याने आले. भारतीय क्रिकेटमधील अनेक मोठे वैयक्तिक विक्रम या क्लबच्या खेळाडूंच्या नावे नोंदले गेले असले, तरी क्लबच्या अंतर्गत व्यवहारात वैयक्तिक विक्रमाला नेहमी दुय्यम स्थान होते. या दोन गोष्टी एकत्र लक्षात घेतल्याखेरीज येथील बहुमानांचा अर्थ नीट उलगडत नाही.

चर्चगेट ते चर्नी रोड यांदरम्यान समुद्रकाठी वसलेले जिमखाने जातिधर्मानुसार स्थापन झाले होते व त्यांच्या संघांमधील पंचरंगी सामने १९४६ पर्यंत चालले. हे सामने बंद झाल्यावर मुंबईच्या क्रिकेटचा भार आंतरक्लब स्पर्धांवर अधिक पडू लागला. डॉ. एच. डी. कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग ही त्यांतील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण स्पर्धा होय. ती पावसाळ्यात खेळली जाते. खेळपट्टी ओली, मैदानावर गवत वाढलेले, जमिनीलगत मारलेला चेंडू वाटेतच अडकणारा. अशा स्थितीत फलंदाजाची अर्धशतकी खेळी कोरड्या मैदानावरील शतकाच्या तोडीची मानली जाते आणि मध्यमगती व फिरकी गोलंदाजांना भरपूर बळी मिळतात. त्यामुळे कांगा लीगमधील आकड्यांची इतर सामन्यांतील आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही. ‘मार्शल’ या टोपणनावाने ओळखले जाणारे दादर युनियनचे मध्यमगती गोलंदाज विठ्ठल पाटील यांनी या स्पर्धेत साडेसातशेहून अधिक बळी मिळविले. कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. परंतु मुंबईच्या मैदानांवर त्या यादीतील कित्येकांपेक्षा ते अधिक परिचित होते.

माधव मंत्री (१ सप्टेंबर १९२१–२३ मे २०१४) हे क्लबच्या परंपरेचे प्रमुख शिल्पकार समजले जातात. यष्टिरक्षक व फलंदाज म्हणून ते १९५१ ते १९५५ या काळात ४ कसोटी सामने खेळले व त्यांत त्यांनी केवळ ६७ धावा केल्या. १९५२ च्या लीड्स कसोटीच्या दुसऱ्या डावात भारताची अवस्था ४ बाद ० अशी झाली, तेव्हा फ्रेड ट्रूमनने लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळा उडविलेले दोन फलंदाज म्हणजे दादर युनियनचे मंत्री व शिवाजी पार्क जिमखान्याचे विजय मांजरेकर. (याच सामन्याच्या पहिल्या डावात मांजरेकरांनी १३३ धावा केल्या होत्या, हे सहसा विसरले जाते.) मंत्री यांची खरी योग्यता मात्र कसोटीच्या आकड्यांतून कळत नाही. त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने १९५१–५२, १९५३–५४ व १९५५–५६ अशी तीनदा रणजी करंडक स्पर्धा जिंकली. मार्च १९४९ मध्ये पुणे येथे महाराष्ट्राविरुद्ध झालेल्या उपांत्य सामन्यात त्यांनी २०० धावा काढल्या. त्या सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २,३७६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील हा उच्चांक आजही अबाधित आहे. वक्तशीरपणा, स्वच्छ गणवेश, क्षेत्ररक्षणातील तत्परता व पंचांच्या निर्णयाचा निमूट स्वीकार हे दंडक त्यांनी क्लबमध्ये रुजविले आणि ते कसोटीपटूंनाही तितकेच लागू होते.

मंत्री यांचे भाचे सुनील गावसकर (जन्म १० जुलै १९४९) यांनी आपल्या ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात या शिस्तीचा एक मासला दिला आहे. लहानपणी मामांच्या कपाटातील भारतीय संघाचा स्वेटर त्यांनी मागितला, तेव्हा तो स्वतः कमवावा लागतो असे उत्तर मिळाले. पुढे गावसकरांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पदार्पणाच्याच मालिकेत ७७४ धावा केल्या. १२५ कसोटी सामन्यांत त्यांनी १०,१२२ धावा व ३४ शतके नोंदविली. ७ मार्च १९८७ रोजी अहमदाबाद येथे ते कसोटीत दहा हजार धावा पूर्ण करणारे जगातील पहिले फलंदाज ठरले. १०८ झेलांचा त्यांचा विक्रम त्यांच्या फलंदाजीमुळे झाकोळला गेला; यष्टिरक्षक नसताना कसोटीत शंभर झेल घेणारे ते पहिले भारतीय होत. रणजी सामन्यात बंगालविरुद्ध १९८१–८२ मध्ये त्यांनी ३४० धावा केल्या. अर्जुन पुरस्कार (१९७५) व पद्मभूषण (१९८०) हे त्यांचे प्रमुख शासकीय सन्मान. ‘सनी’ हे त्यांचे सर्वतोमुखी झालेले नाव मात्र दादर युनियनचे कर्णधार वासू परांजपे (१९३८–२०२१) यांनी दिलेले आहे. परांजपे स्वतः कसोटी खेळले नाहीत, परंतु खेळाडूंमधील गुण हेरण्याचे त्यांचे कौशल्य अजोड मानले जाई.

दिलीप वेंगसरकर (जन्म १९५६) यांनी ११६ कसोटींत ६,८६८ धावा व १७ शतके केली. लॉर्ड्स मैदानावर १९७९, १९८२ व १९८६ अशा लागोपाठच्या तीन दौऱ्यांत त्यांनी शतके झळकाविली. पाहुण्या संघाच्या फलंदाजाने तेथे तीन कसोटी शतके करण्याची ही पहिलीच वेळ होती. यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे (१९३१–२००२) यांनी २१ कसोटींत ३५ झेल घेतले व १६ फलंदाजांना यष्टिचीत केले. यष्टिचीतांचे हे मोठे प्रमाण फिरकी गोलंदाजीमागे उभे राहण्याचे त्यांचे प्रभुत्व दाखविते. चपळ क्षेत्ररक्षक व सलामीचे फलंदाज रामनाथ पारकर यांच्या वाट्याला १९७२–७३ मध्ये दोनच कसोटी आल्या. संजय मांजरेकर हे दादर युनियनकडून खेळले. त्यांचे वडील विजय मांजरेकर प्रतिस्पर्धी शिवाजी पार्क जिमखान्याचे. संजय यांनी १९८९ मध्ये लाहोर येथे २१८ धावा केल्या.

शिवाजी पार्क जिमखान्याशी असलेली चुरस हा या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे. या दोन संघांच्या सामन्यांना मैदानाभोवती मोठी गर्दी लोटत असे. जिमखान्याच्या बाजूला सुभाष गुप्ते, रमाकांत देसाई, अजित वाडेकर, संदीप पाटील अशी नामावळी होती. १९५८ मध्ये कानपूर येथे वेस्ट इंडीजच्या एका डावात १०२ धावांत ९ बळी घेणारे गुप्ते यांची कसोटी बळींची संख्या १४९ आहे. वाडेकरांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या, आणि त्या संघाच्या डावाची सुरुवात गावसकर करीत. मुंबईने १९५८–५९ ते १९७२–७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक राखला, त्यामागे हीच स्थानिक स्पर्धा होती. रविवारी एकमेकांना बाद करण्यासाठी झटणारे खेळाडू पुढील आठवड्यात एकाच संघात उतरत.

त्या पंधराव्या विजयाचा सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर तमिळनाडूविरुद्ध झाला. जिमखान्याचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर (मृत्यू ३ मार्च २०२५) यांनी त्यात १६ धावांत ८ व १८ धावांत ५ बळी घेतले आणि सामना तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर संपला. प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी मिळवूनही शिवलकरांना एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. भारतीय संघातील त्यांची जागा बिशनसिंग बेदींकडे होती व हरयाणाचे राजिंदर गोयल यांचीही तीच गत झाली. गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात आपल्या आदर्श खेळाडूंमध्ये या दोघांचा समावेश केला. क्रिकेट नियामक मंडळाने कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार गावसकर (२०१२) व वेंगसरकर (२०१४) यांच्याप्रमाणे शिवलकर व गोयल यांनाही २०१७ मध्ये दिला.

क्लबच्या स्तरावरील विक्रमांची नोंद हा वेगळाच प्रश्न आहे. प्रथम श्रेणीचे सामने वार्षिक ग्रंथांत जतन होतात आणि आनंदजी डोसा, सुधीर वैद्य यांच्यासारख्या मुंबईच्या आकडेतज्ञांनी ते काटेकोरपणे जुळविले. क्लबच्या सामन्याची नोंद मात्र गुणलेखकाच्या वहीत आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील दोन-चार ओळींत राही. शिवाय एकच खेळाडू क्लबकडून कांगा लीगमध्ये, कचेरीकडून टाइम्स शील्डमध्ये आणि शहराकडून रणजी सामन्यांत खेळत असे. गावसकर निर्लॉनकडून, तर वाडेकर स्टेट बँकेकडून उतरत. अशा तीन ठिकाणी विभागलेल्या कामगिरीची एकत्र बेरीज करणे कठीण होते. मार्शल पाटलांसारख्यांचा लौकिक टिकला, तो मुख्यतः सहकाऱ्यांच्या व प्रतिस्पर्ध्यांच्या आठवणींतून.