बर्फाचा चढ आणि चार चाकं

द्वारका चौकातून आग्रा रोडने मनालीकडे निघणाऱ्या थारचं माहेर नाशिकच. महिंद्राच्या इथल्या कारखान्यात ती बनते. पण फोर-व्हील ड्राइव्हमुळे चारही चाकांना ताकद मिळाली की बर्फाचा कुठलाही चढ सर होतो, हा गैरसमज. 2019 मध्ये ऑडीची इलेक्ट्रिक गाडी ई-ट्रॉन ऑस्ट्रियातल्या किट्झब्युहेलच्या स्की-उतारावर 85 टक्के चढ चढली. म्हणजे 100 मीटर पुढे सरकताना 85 मीटर वर! जाहिरातीत मोटरी मिरवल्या, पण बर्फ धरून ठेवला तो टायरांतल्या खिळ्यांनी. पकडच नसेल तर चारही चाकं जागच्या जागी गरगरतात. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबताना फोर-व्हील ड्राइव्हचा उपयोग शून्य. बर्फ लागला तर आधी टायरांना साखळ्या बांधा.