चौकट : पिझ्झा, पावती आणि फिर्याद

सिपना नदीच्या काठी, मेळघाट व्याघ्रप्रकल्पात वसलेल्या सेमाडोहास साखळी दुकानाचा पिझ्झा घरपोच मिळणे संभवत नाही. १९९६ साली दिल्लीत भारतातील पहिले दुकान थाटणाऱ्या डॉमिनोजने ज्या अर्ध्या तासाच्या वायद्यावर शहरी ग्राहकांस पुढे वश केले, तो घाटवळणांच्या या मुलखात निरर्थकच ठरावा. येथील मनुष्य अमरावतीस कामानिमित्त गेला असता दुकानातच बसून खातो, उरलेल्या मिरचीच्या पुड्या खिशात घालतो (त्यात गैर काही नाही), आणि निवालेला पदार्थ वा बिलात न विचारता चढविलेला सेवाआकार पदरी आला, तर दूरगावचा म्हणून मुकाट्याने परततो. हा संकोच अनाठायी आहे. सेवाआकार बिलात आपोआप लावण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मनाई केली. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या मुदतीत, फिर्याद गुदरता येते. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असल्यास फिर्यादीस शुल्क नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पावती मात्र जपावी. तीवर अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक छापणे दुकानदारास बंधनकारक आहे.