दोन भागांच्या छोट्या कीबोर्डची मांडणी
साध्या कीबोर्डवर दोन्ही हात छातीसमोर एकत्र येतात आणि मनगटे करंगळीच्या बाजूला वाकतात. दोन भागांच्या कीबोर्डमुळे हा ताण कमी होतो. ‘कोर्ने’ या जपानी बनावटीच्या अशाच कीबोर्डवर दोन्ही भाग मिळून 42च कळा असतात, त्यामुळे आकडे उमटवायला अंगठ्याची कळ दाबून थर, म्हणजे कळांना नेमलेल्या चिन्हांचा संच, बदलावा लागतो.

मांडणीची सुरुवात खुर्चीपासून करावी: पाय टेकलेले, खांदे सैल, कोपरे साधारण काटकोनात. मग दोन्ही भाग खांद्यांइतक्या अंतरावर ठेवून हाताच्या रेषेत किंचित फिरवावेत. अंगठ्याकडची कड उचलल्यास तळवा पूर्ण पालथा पडत नाही. ही उंची हळूहळू वाढवावी. मनगट वरच्या बाजूला मुडपत असेल, तर कीबोर्डची पलीकडची कड खाली घ्यावी. भाग सरकू नयेत म्हणून खाली रबरी चकत्या चिकटवाव्यात.